बेचाळीस गुंठे कोणी खाल्ले?

संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं, की कामाच्या आठवणी लिहायला निवृत्त माणसं शोधा. माझं वय एकतीस आहे आणि आमच्या कामात निवृत्ती नसते, फार तर अटक होते. ते म्हणाले, मग अटकेबद्दलच लिहा. मी ते लिहीत नाही. अटकेबद्दल लिहिलं की माणूस आपोआप थोर दिसायला लागतो. मी एका बेरजेबद्दल लिहिणार आहे. ती मी केली होती.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मी नऊ वर्षं एका लहानशा संघटनेचं पूर्णवेळ काम करते. पूर्णवेळ कार्यकर्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वळलेली मूठ आणि बसलेला आवाज येतो. आवाज बसतो हे खरं आहे. पण दिवसाचा मोठा भाग फॉर्म भरणं, झेरॉक्स काढणं आणि कचेरीबाहेरच्या बाकावर बसणं यात जातो. कुठल्या बाकाचा कुठला पाय डुगडुगतो हे मला तोंडपाठ आहे. मूठ वळायची वेळ वर्षातून चार-पाचदा येते, आणि तेव्हाही दुसऱ्या हातात झेरॉक्सची पिशवी असतेच.

मी लिहायला शिकले ती पत्रकांवर. शाळेत माझ्या निबंधाला बाई "विषय सोडून" असा शेरा देत. पत्रकात विषय सुटत नाही, कारण कागद अर्धाच असतो. पत्रकाचे नियम मला आमच्या संघटनेतल्या थोरल्यांनी शिकवले. मथळा प्रश्न असावा आणि उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असावं. पहिल्या ओळीत अन्याय, दुसऱ्या ओळीत आकडा. आकडा दिसला की वाचणारा मान हलवतो, तो तपासत बसत नाही. हे शेवटचं वाक्य मी वहीत अधोरेखित करून ठेवलं होतं. आकडा लिहिणाऱ्यानं तरी तपासावा, हे वहीत कुठेच नव्हतं.

आता वनहक्क म्हणजे काय ते थोडक्यात. डोंगरातली माणसं पिढ्यान् पिढ्या जंगलातले तुकडे कसतात, त्यावर नाचणी-वरी काढतात, पण कागदावर ती जमीन वनखात्याची असते. कायदा असं म्हणतो, की कसणाऱ्यानं दावा करावा, गावच्या समितीनं जागेवर जाऊन बघावं, ग्रामसभेनं मान्यता द्यावी आणि कचेरीनं पट्टा द्यावा. वाचायला एक वाक्य लागतं. करायला किती लागतं ते बाकाला विचारा.

हिरीबाय चौकच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका कातकरी वाडीवर राहते. वय विचारलं तर "लई" एवढंच सांगते. घरात ती, सून आणि दोन नाती. तिची जमीन तीन तुकड्यांत आहे. माळावर तीस गुंठे, ओढ्याकाठी पंचवीस, आणि वर माचीवर पंधरा. माचीवरचा तुकडा सगळ्यात लहान, पण माती तिथेच बरी. त्या पंधरा गुंठ्यांतली वरी होळीपर्यंत घराला पुरते.

गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद एवढी जागा. असे चाळीस गुंठे झाले की एक एकर होतो. कागदावर एकर आणि गुंठे यांच्यामध्ये एक टिंब देतात. एक एकर दहा गुंठे असेल तर १.१०. हे आमच्याकडे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं, आणि मलाही माहीत होतं. ते त्या दिवशी माझ्या कामी आलं नाही, एवढंच.

त्या दिवशी वाडीच्या समाजमंदिरात मी एका बैठकीत चौतीस फॉर्म भरले. बहुतेकांचा तुकडा एकेकच, त्यामुळे आकडा लिहायचा आणि अंगठा घ्यायचा, की पुढचा माणूस. हिरीबायचा नंबर आला तेव्हा माझं बोट आखडलं होतं. मी तिचे तीन तुकडे एकाखाली एक लिहिले, ०.३०, ०.२५, ०.१५, आणि मोबाइलवर बेरीज मारली. ०.७०. एकराच्या रकान्यात ते लिहून टाकलं.

"किती झालं गं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, शून्य पूर्णांक सत्तर एकर.

"म्हंजे एकरापरीस कमी?"

"हो, आजी. थोडं कमी."

तिनं बोटं मिटून-उघडून काहीतरी केलं. ती विसांनी मोजते. वीस झाले की एक विसा, मग परत एकपासून. "नाय गं पोरी," ती म्हणाली. "तीन विसा न् दहा गुंठं हायत. त्याचा एक एकर न् वर तीस व्हतंय."

मी तिच्यापुढे मोबाइल धरला. आजी, हे यंत्र आहे, ह्यात चूक होत नाही, असं मी तिला सांगितलं. हे मी किती गोड आवाजात सांगितलं ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

तिनं मोबाइलकडे बघितलं, मग माझ्याकडे. "त्याला कुनी सांगितलं, रान केवढं हाय त्ये?"

मी हसले आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

पट्टा आला तो वर्ष उलटून गेल्यावर. त्यावर क्षेत्र होतं ०.२८ हेक्टर. सरकारी कागद आता हेक्टर आणि आर यांतच बोलतात. शंभर आरांचा एक हेक्टर, आणि एक आर जवळपास एका गुंठ्याएवढा. म्हणजे हिरीबायला मिळाले अठ्ठावीस गुंठे. सोबतच्या नकाशात फक्त माळावरचा तुकडा होता, तोही एक कोपरा छाटलेला. ओढ्याकाठ नाही, माची नाही. आणि जी जमीन तिची नाही ती अर्थातच वनखात्याची, म्हणून पंधरा दिवसांत माणसं येऊन माचीवर झाडं लावायचे खड्डे खणायला लागली.

माझं डोकं फिरलं. सत्तरातून अठ्ठावीस गेले, बेचाळीस. वजाबाकी मला बरोबर आली होती, हे इथे नोंदवून ठेवते.

त्याच दुपारी मी पत्रक लिहिलं. मथळा तुम्ही वर वाचलाच आहे. खाली होतं: "एका आदिवासी आजीच्या तोंडचा घास काढून घेणाऱ्या प्रशासनाला साधी बेरीज येते काय? येत नसेल तर आम्ही शिकवायला येत आहोत!" गुलाबी कागदावर पाचशे प्रती छापल्या. दोन टेंपो ठरवले आणि चौकहून माणसं घेऊन कर्जतला कचेरीवर मोर्चा नेला. घोषणाही मीच बांधली होती: "तीस, पंचवीस, पंधरा, सत्तर, कचेरीनं द्यावं उत्तर!" तिला ठेका इतका चांगला होता, की टेंपोचा ड्रायव्हरही स्टिअरिंगवर ताल धरत होता. हिरीबाय पुढे बसली होती. ती घोषणा देत नव्हती. मला वाटलं, बिचारी दडपणाखाली आहे.

आमच्यासमोर आले गुप्ते भाऊसाहेब. कर्जतच्या जुन्या घरातला माणूस, कचेरीत कारकून, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. गावात कुठेही टेनिस बॉलचे सामने असले की गुणलेखक म्हणून टेबलामागे हेच बसतात. त्यांनी पत्रक घेतलं, चष्मा वर केला आणि वाचलं. पहिल्या ओळीपासून खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचलं. माझं पत्रक इतकं पूर्ण वाचणारा सरकारी माणूस मला तोवर भेटला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला जरा अभिमानच वाटला. मग ते आत गेले आणि फाइल घेऊन बाहेर आले.

"हे अक्षर कोणाचं, ताई?"

अक्षर माझं होतं. नाकारायची सोय नव्हती, माझा 'र' सगळ्या तालुक्याला माहीत आहे.

"आणि ही बेरीज?"

मी म्हटलं, बेरीज बरोबरच आहे. तीस, पंचवीस, पंधरा, सत्तर. मागे माझ्या लोकांनी लगेच ठेका धरला. गुप्तेंनी तो एकदा पूर्ण होऊ दिला.

"सत्तर काय?" त्यांनी विचारलं.

"गुंठे."

"मग गुंठे लिहायचं. तुम्ही लिहिलंत शून्य टिंब सत्तर एकर. टिंबानंतर तीस असतं तर आम्ही तीस गुंठे वाचलं असतं. पण टिंबानंतर सत्तर गुंठे येऊच शकत नाहीत. म्हणजे आम्ही समजलो, बाई शिकलेल्या आहेत, शंभराच्या हिशेबानं लिहितायत. एकराच्या शंभर भागांतले सत्तर. त्याचे होतात अठ्ठावीस गुंठे. तुम्ही मागितलंत तेवढं दिलं."

मी म्हटलं, ही शब्दांची फिरवाफिरव आहे, बेरीज ती बेरीज, ती कचेरीत वेगळी आणि वाडीवर वेगळी असं नसतं. हे मी मोर्चाकडे तोंड करून म्हटलं, म्हणजे टाळ्या येतील. टाळ्या आल्या. गुप्तेंनीही मोर्चाकडेच तोंड केलं. पुढे उभ्या असलेल्या चार-पाच पोरांना त्यांनी ओळखलं, कारण ती त्यांच्या टेबलासमोर खेळलेली होती.

"तीन षटकं पाच चेंडू झालेत," ते म्हणाले. "मी कसं लिहितो?"

"तीन पॉइंट पाच," पोरं म्हणाली.

"अजून एक चेंडू पडला."

"चार."

"तीन पॉइंट सहा का नाही?"

पोरं हसली. त्यातला एक म्हणाला, "सहा कसं व्हईल, भाऊसाहेब? षटक संपलं ना."

"कितीला संपतं?"

"सहाला."

"आणि एकर कितीला संपतो?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, मग सवयीनं माझ्याकडे. मला उत्तर माहीत होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं, कारण ते निघालं की सगळं संपणार होतं. उत्तर आलं ते पायरीवर बसलेल्या हिरीबायकडून.

"चाळीसला."

गुप्ते तिच्यासमोर वाकले. "मग आजी, तीस न् पंचवीस?"

"एक एकर न् पंधरा."

"त्यात अजून पंधरा घाला."

"एक एकर न् तीस," हिरीबाय म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं. "म्या तवाच सांगितलं व्हतं हिला. ही मोबाइल दाखवत व्हती."

सगळा मोर्चा माझ्याकडे बघू लागला. मागच्यांना काय झालं ते ऐकू गेलं नव्हतं, म्हणून त्यांच्यातल्या एकानं सवयीनं हाळी दिली, "दादागिरी नहीं चलेगी!" आणि पुढच्यांनी, कोणाची ते न विचारता, "नहीं चलेगी, नहीं चलेगी" म्हटलं. त्या दिवशी ती घोषणा नेमकी कोणाविरुद्ध होती हे मला कळत होतं.

संध्याकाळी घरी बाबांना सांगितलं. बाबा भिवपुरीच्या वीजकेंद्रावर ऑपरेटर होते, आता घरी असतात आणि माझी पत्रकं जपून ठेवतात, मागची बाजू कोरी असते म्हणून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझी पहिली पाळी सहाला सुरू व्हायची, आठ तासांची. सहा अधिक आठ?"

"चौदा."

"मी दोनला सुटायचो. चौदा वाजता घरी येतो म्हणालो असतो तर तुझ्या आईनं जेवण वाढलं असतं का?" मग म्हणाले, "लॉगबुकात मात्र चौदाच लिहायचो. दोन लिहिलं असतं तर साहेबानं फाडून खाल्लं असतं. दोन्ही बरोबर गं. कुठल्या वहीत लिहितेयस ते आधी बघायचं."

नऊ वर्षं मी लोकांना सांगत आले की आकडे खोटं बोलत नाहीत. बोलत नाहीतच. पण घड्याळात बाराला घडी पडते, षटकात सहाला, एकरात चाळीसला, हेक्टरात शंभराला आणि हिरीबायच्या बोटांवर विसाला. आकडे तेच राहतात, घडी बदलते. माझ्या मोबाइलला एकच घडी ठाऊक होती, आणि तोवर मलाही तेवढीच पुरेशी वाटत होती. बाकीचे तेहतीस फॉर्म मी रात्र जागून नाही, तर दुसऱ्या दिवशी बाकावर बसून तपासले. दोन तुकडेवाले त्यात दोघेच होते आणि त्यांची बेरीज चाळीसच्या आत होती. चाळीसच्या आत सगळ्या वह्या सारखंच बोलतात. म्हणूनच माझी चूक इतकी वर्षं पकडली गेली नव्हती.

चूक माझी, हे मी इथे छापून देते आहे. पण माझा राग अर्धाच गेलाय. तीन तुकड्यांचे तीन आकडे त्या कागदावर धडधडीत दिसत होते. त्याखाली तपासणाऱ्यांच्या पाच सह्या होत्या. पाचही जणांनी फक्त शेवटचा आकडा बघितला. एवढी मोठी यंत्रणा, आणि एका म्हातारीची माची एका टिंबावर टांगलेली. हे मी गुप्तेंना तोंडावर बोलले. ते म्हणाले, "आम्ही बेरीज करत नाही, ताई. आम्ही आकडा उतरवतो." मग चष्मा पुसत म्हणाले, "हे वाईट आहे. पण मी तुम्हाला खोटं कशाला सांगू."

आता प्रश्न होता माचीचा. खड्डे रोज वाढत होते आणि पेरणी महिन्यावर आली होती. दुरुस्तीचा अर्ज करायचा तर गुप्ते म्हणाले, की चूक कोणाची हे कागदावर यावं लागेल. कचेरीची म्हणालात तर चौकशी बसेल, आणि चौकशी एकदा बसली की लवकर उठत नाही. फॉर्म भरणाऱ्याची म्हणालात, लेखी कबुली दिलीत आणि ग्रामसभेचा ठराव जोडलात, तर पंधरा दिवस. तोवर खणणं थांबवायचं पत्र ते आजच साहेबांच्या सहीला ठेवतील.

म्हणजे हिरीबायला माची हवी तर मी मूर्ख असल्याचा सरकारी पुरावा हवा होता.

संघटनेतले थोरले म्हणाले, आपण माफी छापत नसतो, फार तर खुलासा छापतो. मी खुलासा लिहिला. "काही तांत्रिक कारणामुळे बेरजेत तफावत आली" अशी सुरुवात केली आणि तो वाडीवर नेऊन हिरीबायला वाचून दाखवला.

"तांत्रिक म्हंजे?" तिनं विचारलं.

"म्हणजे यंत्रामुळे झालेली."

"यंत्र तर तुज्याच हातात व्हतं."

मी ते वाक्य खोडलं. नवं पत्रक घेऊन छापखान्यात गेले तेव्हा छापणाऱ्यानं मजकुराकडे न बघताच विचारलं, "ताई, आज कोणाचा निषेध?" मी म्हटलं, माझा. त्यानं कागद परत बघितला, मला बसायला स्टूल दिलं आणि चहा मागवला. गुलाबी कागद संपला होता, म्हणून पिवळ्यावर छापलं. मथळा होता, "बेचाळीस गुंठे मी खाल्ले." माझ्या सगळ्या पत्रकांपैकी तेवढं एक लोकांनी मागून घेऊन वाचलं. चौकच्या एका गॅरेजात ते आजही टायरच्या जाहिरातीशेजारी चिकटवलेलं आहे.

ग्रामसभेला गुप्ते स्वतः आले. ठरावाची भाषा बिनचूक हवी, नाहीतर वरून परत येईल, असं त्यांचं म्हणणं. ग्रामसेवक लिहीत होते आणि गुप्ते सांगत होते: "सदर दावा भरणाऱ्या कार्यकर्ती यांस एकर-गुंठे पद्धतीने बेरीज करता येत नसल्याचे सभेच्या निदर्शनास आले आहे." मी म्हटलं, 'येत नसल्याचे' कशाला, 'चुकल्याचे' लिहा. त्यावर चर्चा झाली. एक म्हातारा म्हणाला, "चुकली म्हंजे एकदा येत व्हतं असं व्हतं." सभेला ते पटलं. ठराव तसाच राहिला. मागे बसलेल्यांना ऐकू आला नाही म्हणून परत वाचला, आणि दोघे उशिरा आले म्हणून तिसऱ्यांदा. एकमतानं मंजूर झाला. नऊ वर्षांत मी मांडलेल्या एकाही ठरावावर इतके अंगठे पडलेले नाहीत.

खणणं थांबलं, पण तोवर अर्ध्या माचीवर खड्डे झालेच होते. हिरीबायनं उरलेल्या अर्ध्यात वरी पेरली. खड्डे बघून सून रडवेली झाली होती. हिरीबायनं खड्ड्यांत शेण-माती टाकून काकडी लावली. आयते खणून दिलेत, मी कशाला कुदळ मारू, असं तिचं म्हणणं. त्या वर्षी माचीवरच्या काकड्या कचेरीतही पोचल्या. गुप्तेंनी घ्यायला नकार दिला, भेट घेता येत नाही म्हणून. मग सगळ्यांदेखत एक खाल्ली.

मशीन घेऊन मोजणीवाले आले आणि तीनही तुकडे नव्यानं मोजून गेले. गुप्तेंचे पंधरा दिवस चार महिन्यांनी संपले. त्यांच्या वहीत दिवस कितीला संपतो हे मी विचारलं नाही, मला आता असले प्रश्न विचारायची भीती वाटते.

नवा पट्टा घेऊन मी धावत वाडीवर गेले. नकाशात तीनही तुकडे होते. माळ, ओढा, माची. हिरीबाय ओट्यावर काकड्यांचं बी सुकवत होती. तिला वाचता येत नाही. पण माझ्या त्या फॉर्मची झेरॉक्स तिनं पुरावा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत जपली होती, आणि त्यातल्या चुकलेल्या आकड्याची आकृती तिच्या डोळ्यांत बसली होती. शून्य, टिंब, सात, शून्य. तिनं नवा पट्टा मांडीवर घेतला, पिशवीतून झेरॉक्स काढून शेजारी ठेवली आणि दोन्हीवर बोट फिरवलं.

मला तोवर लक्षातच आलं नव्हतं. नवी मोजणी सत्तर आर भरली होती. सत्तर आर म्हणजे ०.७० हेक्टर.

"ह्योच आकडा चुकीचा व्हता ना गं?"

मी बोलायला लागले. आजी, तो आकडा एकराचा होता, हा हेक्टरचा आहे, हेक्टर अडीच एकरांचा असतो, आणि हेक्टरात शंभर.

"तवा ह्योच व्हता. त्यासाठी टेंपोत बसवून नेलंस. त्यासाठी सभेत अंगठा घेतलास. न् आता परत ह्योच आणलास." तिचा आवाज चढला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "न् आता म्हनतेस ह्यो बरोबर."

माझा हात पर्सकडे गेला. मोबाइल तिथेच होता. गुणून दाखवणं एका मिनिटाचं काम होतं, आणि मी बरोबर होते. नऊ वर्षांत इतकी बरोबर मी क्वचितच होते. मी हात परत घेतला.

"चला, मोजू या," मी म्हटलं.

तिनं झेरॉक्स परत पिशवीत घातली आणि म्हणाली, "कापनी व्हऊ दे. उभ्या पिकात नाचायचं नाय."

कापणीनंतर आम्ही मोजलं. तेहतीस फुटांची दोरी, एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. सून खुंट्या ठोकत होती. उतारावर आणि कडांना पूर्ण चौकोन बसत नव्हता, तिथे अर्धे-पाव जोडून पूर्ण करायचे, आणि कुठले दोन अर्धे मिळून एक होतो यावर आमची भांडणं व्हायची. ती भांडणं सून मिटवायची. एक गुंठा झाला की एक दगड. वीस दगडांचा एक ढीग. मी एकवीस म्हणाले की हिरीबाय म्हणायची, "एक." माळ आणि ओढा पहिल्या दिवशी, माची दुसऱ्या दिवशी. मी मोबाइल घरी ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना माचीच्या टोकाशी शेवटचा दगड पडला. तीन ढीग आणि शेजारी सुटे दगड. हिरीबायनं सुटे दगड बोटानं मोजले. मग परत मोजले.

"तीन विसा न् नऊ," ती म्हणाली. "एक कुठं गेला?"

मला ठाऊक होतं. आर गुंठ्यापेक्षा किंचित लहान असतो. सत्तर वेळा किंचित किंचित मिळून जवळपास एक गुंठा होतो. मशीनच्या वहीतले सत्तर म्हणजे तिच्या वहीतले एकोणसत्तर आणि थोडे. शिवाय ओढ्यानं गेल्या दोन पावसाळ्यांत काठ कातरला होता, तेही धरायला हवं. मी तोंड उघडलं.

तिनं हात वर केला. समोर तिची माची होती, कापलेल्या वरीचे बुडखे आणि खड्ड्यांत वाळलेले काकडीचे वेल. ती वाकली, आजूबाजूला बघून एक दगड उचलला आणि सुट्या दगडांत टाकला.

"ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली. "त्याचं पत्रक काडू नको."